भोंग्याचा रविवारचा फोन

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. भोंग्याचा घसा माझ्यामुळे गेला असं त्याचे चाहते अजून म्हणतात. म्हणोत बापडे. घसा त्याचा त्याने घालवला. तीस वर्षं त्याच्यासमोर आवाजाचा मिक्सर घेऊन बसलेला माणूस मी आहे, ते नव्हेत. माझ्यामुळे गेलं ते वेगळंच, आणि ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

मी रेडिओ दुरुस्त करणारा. गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान, आत दीड माणूस मावेल एवढं. एक मी, अर्धं गिऱ्हाईक. लग्न केलं नाही. माझ्याशी कुणी केलंही नसतं. जीभ तिखट, राग नाकावर. भोंग्याशी माझं जमलं त्याचं कारण एवढंच, की तो बोलायचा नाही आणि मी कुणाचं ऐकून घ्यायचो नाही.

त्याला भोंगा हे नाव कसं पडलं ते ऐका. आमच्याकडे काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. भोंगा तिथे बाटल्या तपासायचा. समोर उजेडाची काच, तिच्यापुढून बाटल्यांची रांग सरकत जाणार, तडा गेलेली दिसली की उचलून बाजूच्या पेटीत फेकायची. आठ तास हेच. कानात बोळे, शेजारी कुणी नाही, बोलायची सोय नाही. एकदा दुपारी दोनला पाळी सुटायच्या वेळी कारखान्याचा भोंगा बिघडला. मुकादम खालीवर पळतोय, कुणाला कळेना सुटायचं की नाही. हा बाबा पेटीवर चढला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि जी आरोळी ठोकली, ती तीनशे माणसांनी ऐकली. माणसांनी हातमोजे काढले, डबे उचलले आणि चालू पडली! मुकादम मागून ओरडतोय, ‘अरे तो भोंगा नव्हता, तो माणूस होता!’ पण ऐकतो कोण. त्याला एक दिवस घरी बसवलं. नाव मात्र जन्माचं चिकटलं.

त्याच आरोळीवर पुढे आमचा बँड उभा राहिला. हार्ड रॉक म्हणजे काय हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. दोन गिटारी, एक ड्रम, एवढा दणका की पोटातलं पाणी हलावं, आणि त्या सगळ्याच्या वर ज्याचा आवाज निघतो तो गाणारा. भोंग्याचा निघायचा. शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो आरोळी द्यायचा. मी घड्याळ लावून मोजलीय, चौदा सेकंद. चारशे माणसांचं सभागृह तोंड उघडं टाकून बघत राहायचं. दोन तबकड्या निघाल्या, आसपासच्या शहरांतून बोलावणी यायची, काही पोरांनी त्याचं तोंड दंडावर गोंदून घेतलं. फार मोठा झाला असं नाही. सोमवारी सकाळी परत बाटल्या होत्याच.

आता माझं काम. कार्यक्रमाच्या आधी, दुपारी चारच्या सुमाराला, रिकाम्या सभागृहात आवाजाची चाचणी असते. मी शेवटच्या रांगेच्या मागे मिक्सर लावून बसायचो आणि गाणारा मंचावरून माइकमध्ये बोलायचा. जगातले सगळे गाणारे तेव्हा ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणतात. हा नाही. हा म्हणायचा, ‘हॅलो. ऐकू येतंय का?’ मी हात वर केला की सुरू. ‘आज अंडं करपलं. तवा बदलायला झालाय. बाटल्यांमध्ये आज एक निळी आली, कशी आली कळेना. मी ती फेकलीच नाही, खिशात घालून आणली. काल झोप नाही लागली.’ असा पंधरा-वीस मिनिटं बोलत राहायचा. मंचावरून खाली उतरला की मात्र खलास. शेजारी बसून चहा प्यायला तरी ‘हं’च्या पलीकडे शब्द नाही. सत्तर फुटांवरून, मधे चारशे रिकाम्या खुर्च्या असल्या, तरच त्याला माणसाशी बोलता यायचं. असला एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतःला धरून सांगतोय.

या चाचण्या मी टेप करून ठेवायचो. कुठल्या सभागृहात आवाज कसा बसतो ते घरी जाऊन ऐकायला. दोनशे चौदा कॅसेटी झाल्या.

एकदाच, फक्त एकदा, त्याने चाचणीला इतरांसारखं एक-दोन-तीन मोजलं. त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. भांडण नेहमीचंच, त्या आरोळीवरून. मिक्सरवर प्रत्येक आवाजाला एक सरकपट्टी असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की बारीक. माझा डावा हात कायम भोंग्याच्या फेडरवर. आरोळी सुरू झाली की तो हात आपसूक खाली ओढायचा, नाहीतर कर्णे फाटले असते आणि पहिल्या रांगेचे कान गेले असते. त्याला ते कळायचं. तो आणखी जोर लावायचा, मी आणखी ओढायचो. चाहत्यांचं म्हणणं हेच, की मी ओढत गेलो म्हणून तो घसा फाडत गेला. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तो म्हणाला, ‘तू मला मारतोयस.’ मी म्हणालो, ‘तुझ्या बोंबलण्याला गाणं म्हणतात हेच नशीब समज.’ त्याने हातातला माइक फेकून मारला. हा बघा व्रण, डाव्या भुवईच्या वर. तीन टाके.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी कार्यक्रम होता. मी गेलो, कारण शब्द दिला होता. टेप चालू केली, हेडफोन काढून ठेवला आणि चहाला निघून गेलो. म्हटलं, बोल भिंतींशी. परत आलो तर त्याने नुसतं एक-दोन-तीन मोजलं. मला वाटलं, महाराज अजून घुश्शात आहेत. चार दिवसांनी आम्ही पुन्हा चहा प्यायला लागलो आणि विषय तिथेच मिटला. माफी त्याने मागितली नाही. मीही कानाला खडा लावला, की याच्याकडून असली अपेक्षा म्हणून ठेवायची नाही.

त्याला बायको होती, मुलगी होती. होती म्हणतो, कारण मुलगी नऊ वर्षांची असताना वहिनी तिला घेऊन गेल्या. त्या दिवशी पोरगी पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली होती, पहिल्या रांगेत. भोंग्याने आरोळी दिली आणि पोरीने दोन्ही कानांवर हात घेऊन भोकाड पसरलं. याचा ताल चुकला. आणि हा गाढव, चारशे माणसांदेखत, माइकमध्ये म्हणाला, ‘या पोरीला कुणीतरी बाहेर काढा रे.’ लोक हसले. वहिनींनी तिला उचललं आणि बाहेर नेलं. घरी परत आल्याच नाहीत. हा त्यांच्यामागे गेलाही नाही. सोमवारी बाटल्या तपासायला गेला.

मुलगी मोठी झाली. लांब पल्ल्याच्या बस चालवायला लागली. भोंग्याची पोर, हॉर्न वाजवण्याचंच काम धरणार. वहिनी वारल्यावर, कुणास ठाऊक काय मनात आलं, तिने याला फोन करायला सुरुवात केली. दर रविवारी अकराला, ज्या गावी बस थांबलेली असेल तिथल्या सार्वजनिक फोनवरून. तिचा स्वतःचा असा नंबर नव्हता. दहा मिनिटांचा फोन. ‘बरे आहात ना?’ ‘हं.’ ‘जेवलात?’ ‘हं.’ ‘हवा कशी आहे?’ ‘बरी.’ पण त्या दहा मिनिटांसाठी हा साडेनवालाच दाढी करून फोनशेजारी बसलेला असायचा. मी विचारलं, ‘फोनवर दाढी दिसते का रे?’ तर म्हणे, ‘हं.’

मग घसा बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणाले. काढली. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, आणि श्वास घेतला की शिट्टीसारखा बारीक आवाज. चौदा सेकंदांची आरोळी देणाऱ्या माणसाची ती शिट्टी ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो. सांगायला लाज कसली.

त्याला मी एक पाटी आणून दिली, लहान मुलांची असते ना, तशी लाकडी चौकटीची. खडूने लिहायचा. पहिलं वाक्य काय लिहिलं? ‘रविवारी काय करू?’

मी म्हटलं, ‘काय करू म्हणजे? मी फोन उचलतो आणि सांगतो पोरीला खरं काय ते.’

त्याने पाटी पुसली आणि एवढ्या जोरात लिहिलं की खडू तुटला. ‘नाही.’ मग खाली बारीक अक्षरांत, ‘बोलता येतंय तोवरच ती फोन करते. मुक्याला कोण फोन करेल? तिला कळता कामा नये.’

आता याला काय म्हणायचं? पण त्याच्या आयुष्यात तो फोन सोडला तर दुसरं काही उरलं नव्हतं. कारखाना बंद, बँड मोडलेला, ड्रमवाला देवाघरी. मी घरी गेलो, कपाटातल्या दोनशे चौदा कॅसेटींकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात तो किडा वळवळला.

आठवडाभर खपून मी त्याच्या टेबलावर दोन टेपरेकॉर्डर मांडले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे फोन, बाहेर मोठ्याने ऐकू येईल असा करून घेतलेला. चाचण्यांच्या कॅसेटींतून तुकडे काढून छोट्या कॅसेटी केल्या आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘हो’. ‘नाही’. ‘हसणं’. ‘खोकला’. ‘हवा’. ‘अंडं करपलं’. ‘झोप नाही लागली’. घरघर काढली, खुर्च्यांची खडखड काढली. असलं काम दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. भोंगा समोर बसणार, पोरीचं बोलणं ऐकणार आणि कुठली कॅसेट ते बोटाने दाखवणार. मी लावणार.

पहिल्या रविवारी अकराला फोन वाजला. मी बटण दाबलं. ‘हॅलो. ऐकू येतंय का?’

पलीकडे जरा शांत. मग ती म्हणाली, ‘येतंय बाबा.’

भोंगा चिठ्ठ्यांवरून नजर फिरवत होता. त्याने बोट दाखवलं, मी लावलं. ‘आज अंडं करपलं. तवा बदलायला झालाय.’ पोरगी हसली. म्हणाली, ‘मीही काल भात करपवला.’ आणि मग बोलतच सुटली.

घोटाळे व्हायचेच. एकदा ती वैतागून सांगत होती, की आगारातल्या साहेबाने तिला घाटाची सगळ्यात वाईट गाडी दिली, आणि माझ्या हातून भलतीच कॅसेट लागली. ‘झकास! ड्रम जरा कमी कर.’ पोरगी म्हणाली, ‘कुठला ड्रम, बाबा?’ मी घाईघाईने खोकला लावला. तो एवढा लांबला की तिने काढा घ्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर भोंगा तोंड उघडून, आवाज न करता, पोट धरधरून हसत होता.

पण एक झालं. दहा मिनिटांचा फोन अर्ध्या तासावर गेला. ती आता सगळं सांगायची. रात्रपाळीत एकटीने गाडी चालवताना काय वाटतं ते, लग्न ठरलं होतं ते कसं मोडलं ते, आईचे शेवटचे दिवस. भोंगा फोनला कान लावून बसायचा, आणि बोलायला आवाज नसलेला तो माणूस गेल्या तीस वर्षांत जेवढा बापासारखा दिसला नव्हता तेवढा तेव्हा दिसायचा. मला मात्र आतून खात होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. दर रविवारी वाटायचं, आज पकडले जाणार.

मग एके दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, ‘माफी.’ बोट फोनकडे.

मी समजलो. चारशे माणसांदेखत बाहेर काढलेल्या पोरीची माफी मागायची होती. तुकडा शोधा. आम्ही शोधायला बसलो. सकाळी दुकान उघडण्याआधी दोन तास, रोज, पाच महिने. दोनशे चौदा कॅसेटींत त्याने तव्याबद्दल नऊ वेळा सांगितलंय, पाठदुखीबद्दल चाळीस वेळा, त्या निळ्या बाटलीबद्दल तीन वेळा. ‘माफी’ हा शब्द एकदाच सापडला, तो असा: ‘माफी? कसली माफी?’ ड्रमवाल्याला म्हणाला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी चिडून म्हणालो, ‘तीस वर्षांत एकदा तरी कुणाला सॉरी म्हणायचं होतंस, मेल्या!’

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, ‘कपाळाची लाव.’

टाक्यांच्या दुसऱ्या दिवशीची ती कॅसेट मी ऐकलीच नव्हती. तिच्यात एक-दोन-तीनशिवाय काही नाही हे मला माहीत होतं ना! मी म्हटलं, ‘त्यात काय आहे?’ त्याने लिहिलं, ‘तू बाहेर होतास.’

लावली. रिकामं सभागृह, आणि भोंग्याचा बावीस वर्षांपूर्वीचा आवाज. ‘हॅलो. ऐकू येतंय का? आज दिवेवाला दिवे लावून बसलाय, डोळ्यांवर येतायत, तू दिसत नाहीस. ऐक. काल चुकलं माझं. फार चुकलं. समोर येऊन सांगायला गेलं की जीभ वळत नाही, म्हणून इथून सांगतो. तुला दुखवायचं नव्हतं मला.’

भोंग्याने हात पुढे केला आणि टेप बंद केली. पुढे आणखी होतं, चाक अजून भरलेलं दिसत होतं. मी म्हटलं, ‘पुढचं?’ त्याने लिहिलं, ‘एवढं बास.’ माझ्याकडे बघेना. मीही बघितलं नाही. माझी माफी बावीस वर्षं माझ्याच कपाटात पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि आता ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची होती. दिली. तिचा हक्क मोठा होता. मी पुढचंमागचं कापलं आणि ‘चुकलं माझं’पासून तुकडा केला.

रविवारी तो लावला. पलीकडे नुसता बसच्या इंजिनाचा आवाज. मग पोरगी म्हणाली, ‘बाबा, पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. मी येऊ का?’

भोंग्याने पाटी ओढली. एकच अक्षर, पाटीभर. ‘ये.’ मला दाखवली, दोनदा दाखवली. उजव्या मशीनमध्ये ‘हो’ तयार होतं. ती आमची नेहमीची जागा. आणि माझा डावा हात पुढे गेला. तीस वर्षं, याचा आवाज चढला, माझी छाती धडधडली, की जो हात आधी हलायचा तोच. त्या हाताने डावं बटण दाबलं. तिथे, ती काही पाठवू का म्हणाली तर म्हणून लावून ठेवलेलं होतं. ‘आज नको. पुढं बघू.’

‘बरं,’ पोरगी म्हणाली. ‘बरं, बाबा.’ आणि फोन ठेवला.

तिला उलट फोन करायची सोय नव्हती. गाडी कुठल्या गावी, ती कुठल्या वाटेवर, काही माहीत नाही. मी डोकं धरून बसलो. भोंगा मला काही बोलला नाही. बोलणार कसा म्हणा, पण रागाने बघितलंही नाही. पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं, ‘रविवारी सांगू.’ त्यानंतर जे काही लिहायचं ते तो मागच्याच बाजूला लिहायचा. पुढची बाजू पुसली नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही ‘ये’ शोधत होतो. बुधवारी सापडलं. गिटारवाल्याला म्हणाला होता, ‘ये, ये, आत ये.’ खूश झाला. गुरुवारी पहाटे झोपेतच गेला.

अंत्यविधीला दंडावर त्याचं तोंड गोंदलेली सहा पोरं आली, आता पोक्त झालेली. त्यांनी मला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘हाच तो, आवाज कमी करणारा.’ मी गप्प बसलो. गप्प बसायची माझी पहिलीच वेळ.

रविवारी अकराला मी त्याच्या खोलीत होतो. दाढी करून गेलो होतो, का ते मला विचारू नका. फोन वाजला. दोन्ही मशीन समोर होती, ‘ये, ये, आत ये’ लावलेलं होतं. मी फोन उचलला आणि माझ्या आवाजात म्हणालो, ‘हॅलो.’

पलीकडून हळूच, ‘गेले का?’

‘गुरुवारी,’ मी म्हणालो. ‘मी बोलतोय. मी... मागे बसायचो तो.’

‘माहितीय काका,’ ती म्हणाली. ‘येते मी.’

मंगळवारी आली. उंच, रुंद हाडाची, बापासारखंच कपाळ, आणि गप्प. खोली बघितली. पलंग, तवा, खिडकीत ती निळी बाटली. मग टेबलावरची मशीनं बघितली, चिठ्ठ्या वाचल्या. मी म्हटलं, ‘पोरी, बस. मला सांगायचंय काही. सात महिने आम्ही तुला फसवलं.’

‘पहिल्या रविवारीच कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘आवाज केवढ्या मोठ्या जागेतून येत होता! बाबांची खोली तर एवढीशी. नऊ वर्षांची असताना त्या सभागृहात उभी होते मी काका, तिथला आवाज मी विसरेन का? घसा बसलेला तर आधीपासून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तुमच्या गावच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनी सगळं सांगितलं.’

हात दाखवून अवलक्षण! तीस वर्षं आवाजाचं काम केलं, घरघर काढली, खुर्च्या काढल्या, आणि सभागृहाचा घुमारा तसाच ठेवला. मला तो ऐकूच आला नाही. माझ्या कानांना त्याचा आवाज तसाच माहीत होता, सत्तर फुटांवरून.

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलू? उलट बोलायला लागले ना. आधी नुसतं हं-हं करायचे. मग तवा, बाटली, पाठदुखी... असे बाबा मला कधी मिळालेच नव्हते. आणि पलीकडे बसून ते ऐकतायत, हे कळायचं. ती शिट्टी यायची ना श्वासाची.’ तिने मशीनकडे बोट केलं. ‘एकच विचारते. खरं सांगा. शेवटी “आज नको” म्हणाले, ते त्यांनीच निवडलं होतं ना?’

मला वाटलं होतं ती माफीबद्दल विचारेल, आणि त्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. याचं नव्हतं. मी कपाटातून पाटी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती, अक्षर पुसू नये म्हणून. तिच्या हातात दिली. म्हटलं, ‘हे निवडलं होतं. चुकीचं बटण मी दाबलं.’

तिने वाचलं. ते एक अक्षर वाचायला किती वेळ लागतो? पाटी मांडीवर ठेवून ती रडली, मोठ्याने, नऊ वर्षांच्या पोरीसारखी. मी रुमाल शोधत राहिलो. मला ती एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘माफीचं ते माझ्यासाठी नव्हतं. हो ना?’

मी भुवईवर बोट ठेवलं. ‘माझ्यासाठी होतं. मी तेव्हा चहाला गेलो होतो.’

‘पूर्ण ऐकलंत?’

‘नाही. त्याने अर्ध्यावर बंद केली. नंतर मला धीर झाला नाही.’

‘लावा,’ ती म्हणाली.

मी मूळ कॅसेट काढली आणि लावली. दिवे, डोळ्यांवर येतायत, काल चुकलं माझं, तुला दुखवायचं नव्हतं मला. इथे तो थांबला होता. आता टेप पुढे गेली.

‘कमी करतोस ते बरोबर करतोस. लोकांचे कान जातील. पण कधीतरी एकदा पूर्ण ऐक ना. तू गेलास तर मी बोलू कुणाशी? एवढंच सांगायचं होतं. ऐकू येतंय का?’

रिकामं सभागृह.

‘हात वर कर ना रे. दिसत नाही मला. ऐकू येतंय का?’

‘येतंय रे,’ मी म्हणालो. त्या खोलीत, मोठ्याने, बावीस वर्षं उशिरा. ‘येतंय, येतंय.’

आणि त्याने आरोळी दिली. मिक्सरवर कुणीच नसताना दिलेली, दोनशे चौदा कॅसेटींतली एकमेव. कपाटाची काच थरथरली. माझा डावा हात उठला आणि आवाजाच्या बटणाकडे गेला. तो माझं कुठे ऐकतो!

तिने मनगट धरलं. ‘काका, कमी करू नका.’

तिचे दोन्ही कान उघडे होते. शेजारच्याने भिंतीवर धपाधप बुक्के मारले, मारू दे. आम्ही चौदाच्या चौदा सेकंद ऐकले. शेवटी आवाज चिरला, सभागृहात घुमत घुमत विरला, आणि दूर कुठेतरी दार वाजलं. पावलं जवळ आली. मग माझाच आवाज, बावीस वर्षांनी तरुण, तिरसट.

‘काय रे, एवढं बोंबलायला काय झालं? चहाला गेलो होतो मी. काही म्हणालास का?’

टेपवर जरा वेळ नुसती खरखर.

‘काही नाही,’ भोंगा म्हणाला. ‘हॅलो. एक, दोन, तीन.’